दहावीच्या तुकडीची स्मरणिका : आठवणी गोळा करण्यापासून प्रत हाती देईपर्यंत

दहावीचा निरोप समारंभ जवळ आला की वर्गातून एक मागणी हमखास पुढे येते : “सर, आपल्या बॅचचे पुस्तक काढू या.” मागणी रास्त असते, पण बहुतेक ठिकाणी ती आठ दिवसांत उरकली जाते आणि हाती येते ते एक चाळीस पानी बाड, ज्यात आरंभी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांची छायाचित्रे व संदेश असतात आणि पुढे ‘शाळेचे ते सोनेरी दिवस’ या एकाच वाक्याची पन्नास रूपे असतात. माध्यमिक शाळेत मराठी शिकवत असताना अशा सहा स्मरणिकांचे काम माझ्याकडे होते. पहिल्या दोन अगदी वर वर्णन केल्यासारख्याच निघाल्या, आणि त्या आज चाळल्या तर त्या कोणत्या शाळेच्या व कोणत्या वर्षीच्या आहेत हे मुखपृष्ठ पाहिल्यावाचून सांगता येत नाही. त्यानंतर कामाची पद्धत बदलली. ती पद्धत, हे काम प्रथमच हाती घेणाऱ्या वर्गशिक्षकांसाठी आणि विद्यार्थी संपादकांसाठी, येथे मांडली आहे. उदाहरण म्हणून २०२६ साली दहावीला बसलेली तुकडी घेतली आहे; पाचवी ते दहावी या सहा वर्षांत इतक्या उलथापालथी पाहिलेली तुकडी माझ्या आठवणीत दुसरी नाही.

वेळेचा हिशेब

निरोप समारंभाच्या दिवशी प्रकाशन करण्याचा मोह टाळावा. बोर्डाची लेखी परीक्षा फेब्रुवारीच्या उत्तरार्धात किंवा मार्चच्या आरंभी सुरू होते, तिच्याआधी तोंडी व प्रात्यक्षिक परीक्षा असतात, त्याहीआधी पूर्वपरीक्षा असते, आणि निरोप समारंभ या सगळ्याच्या फटीत कुठेतरी बसवलेला असतो. त्या दिवसांत मुलांकडून लेखन मागणे म्हणजे त्यांच्याकडून उपचार उरकून घेणे होय. याउलट परीक्षा संपल्यापासून निकाल लागेपर्यंत दीड-दोन महिने मुले मोकळी असतात. २०२५ साली लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीला सुरू झाली आणि निकाल १३ मे रोजी लागला. मधल्या काळात ज्यांना घरी शेतीचे काम नव्हते त्यांना वेळ कसा घालवावा हा प्रश्न होता. निकालानंतर गुणपत्रिका शाळेत येतात, आणि गुणपत्रिका व शाळा सोडल्याचा दाखला नेण्यासाठी जवळपास सगळा वर्ग पुन्हा एकदा शाळेत येतो. प्रत हाती देण्याचा खरा दिवस तो. एवढी उपस्थिती त्यानंतर पुन्हा मिळत नाही.

म्हणून लेखन दिवाळीच्या सुट्टीआधी सुरू करून डिसेंबरअखेर जमा करावे, जानेवारी ते मार्च त्या कागदांना हातही लावू नये, आणि संपादन, टंकलेखन व छपाई एप्रिल-मे महिन्यांत करावी. संपादक मंडळ पाच ते सात जणांचे पुरे. त्यात केवळ पहिल्या बाकावरची मुले नसावीत, एवढी काळजी मात्र अवश्य घ्यावी. बाहेरगावाहून एसटीने येणारे एक-दोघे, मुलामुलींची सारखी संख्या, आणि वर्गातल्या सगळ्या भानगडी ज्याला ठाऊक असतात असा मागच्या बाकावरचा एक जण हवाच.

यादी पाचवीपासून करावी

स्मरणिकेच्या शेवटी वर्गाची यादी छापण्याचा रिवाज आहे आणि ती दहावीच्या हजेरीपत्रकावरून उतरवली जाते. माझ्या मते येथेच काम बिघडते. दहावीचे हजेरीपत्रक केवळ शेवटपर्यंत टिकलेल्यांची नावे सांगते. ही तुकडी घडली ती पाचवीपासून, आणि पाचवीच्या पटावर असलेली कितीतरी नावे मधल्या वर्षांत गळालेली असतात. कोणाच्या वडिलांची बदली होते, कोणी मामाच्या गावी शिकायला जातो, कोणाला आश्रमशाळेत किंवा वसतिगृहाच्या शाळेत प्रवेश मिळतो, आणि कोणाचे शिक्षणच थांबते. आमच्या भागातून ऊसतोडीला जाणारी कुटुंबे पुष्कळ असल्याने हजेरीपत्रकात दिवाळीपासून होळीपर्यंत काही नावांपुढे गैरहजेरीची सलग रांग दिसते, आणि एखाद्या वर्षी ते नाव पुढच्या पानावर येतच नाही. तिसऱ्या स्मरणिकेच्या वेळी पाचवीची यादी मी वर्गात मोठ्याने वाचून दाखवली, तेव्हा दहा-बारा नावांवर मुले थबकली. त्यानंतरचा अर्धा तास जे बोलणे झाले त्यातून स्मरणिकेचा चौथा हिस्सा मजकूर मिळाला.

ही यादी करताना एक पथ्य पाळावे. जनरल रजिस्टरमध्ये नावाबरोबर जात, जन्मतारीख, शाळा सोडल्याचे कारण अशा नोंदी असतात, त्यामुळे ते विद्यार्थ्यांच्या हाती देऊ नये. मुख्याध्यापकांची अनुमती घेऊन वर्गशिक्षकांनी स्वतः पाचवी ते दहावीची हजेरीपत्रके पाहावीत आणि केवळ नाव व ‘पाचवी ते सातवी’, ‘आठवीत दाखल’ अशा नोंदी उतरवून घ्याव्यात. सोडण्याचे कारण छापू नये. ‘सततची गैरहजेरी’ हे शब्द दाखल्यावर एकदा लिहिले गेले तेवढे पुरे आहेत. वर्ग सोडून गेलेल्यांशी संपर्क साधण्याचे काम मुलांवर सोपवावे, कारण कोण कोठे आहे हे त्यांना शाळेपेक्षा अधिक नेमके ठाऊक असते. त्यांनाही दहा ओळी लिहायला सांगाव्यात, आणि लिहिणे अवघड वाटत असेल तर फोनवर बोलून घेतलेला मजकूर मंडळाने उतरवून काढावा. एखादा वर्गमित्र वा मैत्रीण या वर्षांत दगावलेली असल्यास आधी घरच्यांना विचारावे, त्यांची संमती असेल तर एक पान द्यावे, आणि त्या पानावर शोकसंदेशाऐवजी वर्गाने पाहिलेले त्या मुलाचे वा मुलीचे दोन-तीन प्रसंग साध्या शब्दांत लिहावेत.

सहा वर्षांचा पट आधी भिंतीवर मांडावा

मुलांना थेट लिहायला बसवू नये. त्याआधी एक मोठा कागद भिंतीला लावून त्यावर सहा शैक्षणिक वर्षांचे सहा रकाने आखावेत आणि प्रत्येक रकान्यात त्या वर्षी जगात, राज्यात, गावात आणि शाळेत काय घडले ते आठवेल तसे लिहू द्यावे. आठवण ही वर्षाच्या खुंटीला टांगलेली असली की हाती लवकर लागते.

२०२६ च्या तुकडीचा हा पट असा दिसेल. ही मुले पाचवीत आली ती जून २०२० मध्ये, म्हणजे शाळा बंद असताना. ज्या शाळांत पाचवीपासून प्रवेश असतो तेथील मुलांनी नव्या शाळेची इमारत पाहण्याआधी तिचा व्हॉट्सॲप गट पाहिला. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नव्हता त्यांच्यासाठी सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीचे पाठ दाखवले जात होते. राज्यात पाचवी ते आठवीचे वर्ग २७ जानेवारी २०२१ पासून उघडण्यास परवानगी मिळाली, स्थानिक प्रशासनाच्या निर्णयानुसार काही ठिकाणी ते उघडले, काही ठिकाणी नाही, आणि मार्चमध्ये दुसऱ्या लाटेने पुन्हा सर्व बंद झाले. पहिली ते आठवीच्या मुलांना परीक्षेविना वरच्या वर्गात घातले गेले. पाचवीची शिष्यवृत्ती परीक्षा पुढे ढकलत ढकलत १२ ऑगस्ट २०२१ रोजी झाली, तेव्हा ती देणारी मुले सहावीत होती.

सहावीच्या वर्षी ४ ऑक्टोबर २०२१ पासून ग्रामीण भागात पाचवी ते बारावी आणि शहरांत आठवी ते बारावी असे वर्ग सुरू झाले. म्हणजे खेड्यातली सहावी बाकावर बसली तेव्हा शहरातली सहावी अजून घरीच होती आणि तिला डिसेंबरची वाट पाहावी लागली. पण खेड्यातल्या मुलांचे सुखही महिनाभराचेच ठरले. त्याच सुमारास एसटी कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो एप्रिल २०२२ पर्यंत चालला, आणि शाळा उघडी असूनही पासावर येणाऱ्या मुलांना शाळेत पोहोचायला गाडी उरली नाही. मुलींना पाचवीपासून अहिल्याबाई होळकर योजनेखाली मोफत पास मिळतो. तो पास कंपासपेटीत आणि मुलगी घरी, असे ते वर्ष गेले. कोणी दुधाच्या टेम्पोतून आले, कोणी सायकल घेतली, आणि काहींची शाळा येथेच सुटली. जानेवारी २०२२ मध्ये तिसऱ्या लाटेमुळे पुन्हा काही आठवडे कुलूप लागले. त्यामुळे या तुकडीला सलग, अखंड असे शाळेचे पहिले वर्ष मिळाले ते थेट सातवीत. आठवीत, म्हणजे २०२३-२४ मध्ये, दप्तराचे ओझे कमी व्हावे म्हणून पाठ्यपुस्तके चार भागांत आणि पाठापाठांनंतर कोरी पाने जोडून आली. त्या कोऱ्या पानांवर काय काय लिहिले आणि चितारले गेले हा स्मरणिकेतला एक स्वतंत्र लेख होऊ शकतो, आणि ती पुस्तके रद्दीत गेली नसतील तर त्यांतली पाने थेट छायाचित्ररूपाने छापावीत.

याच कारणाने आणखी एक सुचवावेसे वाटते. मार्च २०२० मध्ये दहावीला बसलेल्या तुकडीचा भूगोलाचा शेवटचा पेपर टाळेबंदीमुळे रद्दच झाला, आणि २०२१ च्या तुकडीची तर परीक्षाच झाली नाही, नववीचे गुण व अंतर्गत मूल्यमापन यांवरून निकाल लावला गेला. २०२१ च्या तुकडीला पुष्कळ ठिकाणी निरोप समारंभही मिळाला नाही. त्या मुलांनी आता, पाच वर्षांनी, स्नेहमेळाव्याचे निमित्त न शोधता स्मरणिका काढायला काहीच हरकत नाही. खाली दिलेली पद्धत त्यांनाही तशीच लागू पडते.

प्रश्न लहान विचारावेत

‘शाळेविषयी आपल्या भावना लिहा’ असे सांगितले की निबंध येतो, आणि निबंध लिहिण्याचे वळण आम्हीच मुलांना दहा वर्षे लावलेले असते. म्हणून विषय देऊ नये, प्रश्न द्यावेत, आणि तेही असे की ज्यांचे उत्तर एका दृश्यात द्यावे लागेल. टाळेबंदीच्या वर्षासाठी आम्ही विचारलेले प्रश्न असे होते : घरात फोन कोणाचा होता आणि तो तुमच्या हाती दिवसातून किती वेळ येई? रेंज येण्यासाठी कोठे जाऊन बसावे लागे? तासाला तुमचा आवाज चालू राहिल्यामुळे सगळ्या वर्गाने घरातले काय ऐकले? वर्गशिक्षकांना प्रत्यक्ष प्रथम पाहिले तेव्हा ते पडद्यावरच्यापेक्षा वेगळे वाटले का? शाळेच्या वर्षांसाठी याहूनही साधे प्रश्न पुरतात. मधल्या सुट्टीत डबा कोठे आणि कोणाबरोबर खात होता, आणि ती जागा कधी बदलली? परिपाठात प्रतिज्ञा सांगताना कोठे अडखळलात? तुमच्या बाकावर आधीच कोणाचे नाव कोरलेले होते? पोषण आहाराची खिचडी आठवीनंतर बंद झाली, त्यानंतर तिचा वास येई तेव्हा काय वाटे? शाळेत कोणत्या दिवशी यावेसे वाटले नव्हते?

शेवटचा प्रश्न अनेक शिक्षकांना रुचत नाही. तरीही तो ठेवावा. स्मरणिका म्हणजे शाळेची जाहिरात आहे अशी समजूत असली की भीती, अपमान, कंटाळा हे सगळे गाळले जाते, आणि मग उरलेल्या आनंदावरही वाचणाऱ्याचा विश्वास बसत नाही.

लिहून घेण्यासाठी एखादा ऑफ तास घ्यावा, प्रत्येकाला कोरा कागद द्यावा, वरीलपैकी कोणतेही तीन प्रश्न निवडायला सांगावे आणि वीस मिनिटे कोणीही बोलणार नाही असे ठरवावे. घरी लिहून आणायला सांगितले तर मोठा भाऊ, शिकवणीचे सर किंवा हल्ली मोबाइलवरचे एखादे ॲप ते लिहून देते, आणि ते लगेच ओळखू येते. मर्यादा दीडशे शब्दांची असावी. काही मुलांना लिहिण्यापेक्षा सांगणे जमते. त्यांच्यासमोर संपादक मंडळातल्या एकाने बसावे, फोनवर ध्वनिमुद्रण करावे आणि नंतर ते शब्दशः उतरवावे. शाळेतले शिपाई, खिचडी शिजवणाऱ्या मावशी, फाटकाबाहेर चिंचा-बोरे विकणाऱ्या आजी, यांच्याशीही याच रीतीने बोलावे. घंटा सहा वर्षे ज्यांनी दिली त्यांना वर्गाविषयी मुख्याध्यापकांपेक्षा जास्त सांगण्यासारखे असते, असा माझा अनुभव आहे.

पहिल्या लेखनातून बहुधा थोडेच हाती लागते. खरे काम दुसऱ्या फेरीत होते. एका मुलीने पहिल्यांदा लिहिले होते : ‘पाचवीत ऑनलाइन शाळा होती. खूप अडचणी आल्या पण शिक्षकांनी खूप प्रेमाने शिकवले. ते दिवस मी कधीही विसरणार नाही.’ या मजकुरावर दुरुस्ती करण्यासारखे काहीच नव्हते, म्हणून तो तिला परत देऊन ‘कोणती अडचण?’ एवढेच विचारले. दुसऱ्या दिवशी तिने दिलेला कागद असा होता : ‘फोन पप्पांचा होता आणि पप्पा सकाळी सातला कामावर जायचे. मग सर रात्री आठनंतर माझ्यासाठी परत सगळे पाठवायचे. मी पांघरुणात फोन धरून गणिते उतरवायचे कारण लाइट लावला की धाकटा उठायचा. माझी पाचवीची गणिताची वही सगळी तिरकी आहे.’ या चार वाक्यांत शिक्षकांचे प्रेमही आले आणि अडचणही आली. ‘खूप’ हा शब्द मात्र एकदाही आला नाही. संपादकांनी मुलांना हा फरक दाखवावा, पण दुसऱ्याचा मजकूर वाचून दाखवण्याआधी ज्याचा त्याला विचारावे.

पडताळणी आणि भाषा

आठवणी जमल्या की त्या एकमेकींशी भांडू लागतात. आमच्या एका तुकडीत निम्म्या मुलांनी किल्ल्यावरची सहल सहावीत गेली असे लिहिले आणि निम्म्यांनी सातवीत. शाळेची सूचना वही काढली तेव्हा ती सातवीतल्या डिसेंबरात निघाली. सूचना वही, स्नेहसंमेलनाचे अहवाल, क्रीडा स्पर्धांची प्रमाणपत्रे, एलिमेंटरी-इंटरमिजिएट चित्रकला परीक्षांच्या याद्या आणि मुलांच्या घरी पडलेल्या प्रगतिपत्रकांवरच्या तारखा एवढ्या साधनांवर बहुतेक वाद मिटतात. जेथे दोघांना एकच प्रसंग वेगवेगळा आठवतो आणि कागदात त्याची नोंद नसते, तेथे निवाडा करत बसू नये. दोन्ही मजकूर समोरासमोरच्या पानांवर छापावेत. वाचताना ती पाने सर्वांत रंगतात.

भाषेच्या बाबतीत मी एकच नियम ठेवला होता : शुद्धलेखन सुधारावे, बोली सुधारू नये. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार यांसाठी मराठी साहित्य महामंडळाचे अठरा नियम समोर असावेत, आणि संपादक मंडळातल्या दोघांनी तरी ते एकदा नीट वाचलेले असावेत. मात्र ‘मह्या मायनं सांगितलं’ असे एखाद्याने लिहिले असेल तर ते ‘माझ्या आईने सांगितले’ करू नये. सहा वर्षे वर्गात आम्ही ते सुधारले. वर्गाच्या स्वतःच्या पुस्तकात तरी ते जसेच्या तसे राहू द्यावे. एकाच मजकुरात बोली आणि प्रमाण भाषा यांची सरमिसळ असेल तर तीही तशीच ठेवावी, कारण मुले तशीच बोलतात.

काय छापू नये

भ्रमणध्वनी क्रमांक, घरचे पत्ते, जन्मतारखा आणि समाजमाध्यमांवरची खाती छापू नयेत. ही मुले अजून अल्पवयीन आहेत आणि छापलेली प्रत कोणाच्या हाती जाईल यावर आपला ताबा राहत नाही. छायाचित्रांसाठी पालकांची लेखी संमती घ्यावी, आणि एखाद्या घरातून नकार आला तर कारण विचारू नये. त्या जागी मुलीने स्वतः काढलेले चित्र किंवा तिच्या हस्ताक्षरातली एक ओळ छापली की पान रिकामे दिसत नाही. दहावीचे गुण व टक्केवारी छापू नये. निकालाचा फलक शाळेच्या दारात लागतोच, आणि ज्याला एटीकेटी मिळाली त्याच्या घरी हे पुस्तक कपाटात वर, उघडता येणार नाही अशा जागी जाते.

टोपणनावांवरून दर वेळी वाद होतो. शिक्षकांची टोपणनावे ज्यांची त्यांनी हसत मान्य केली तरच घ्यावीत. मुलांच्या टोपणनावांबाबत मी अधिक कडक आहे : रंग, अंगकाठी, जात किंवा घरचा व्यवसाय यांवरून पडलेले नाव, ते मूल ‘चालेल सर’ म्हणाले तरी, छापू नये. सगळ्या वर्गासमोर दुसरे काय म्हणणार? ‘कोण कोणाला आवडत होते’ छापाची पाने आणि ‘वर्गातला सर्वांत आळशी’ अशा पदव्याही याच कारणाने वगळाव्यात.

जाहिरातींबाबत माझे मत स्पष्ट आहे. गावातले पुस्तकांचे दुकान, सायकलवाला, झेरॉक्सवाला यांच्या छोट्या जाहिराती घ्याव्यात, त्यांचा या मुलांशी संबंध आहे. ‘शुभेच्छुक’ म्हणून पानभर छायाचित्र मागणाऱ्यांना नम्रपणे नकार द्यावा. त्यांच्यासाठी चौकातले फ्लेक्स आहेत.

छपाई

येथे शिक्षक मंडळी बहुधा फसतात, म्हणून थोडे तपशिलात लिहितो. मजकूर युनिकोडमध्ये टंकलिखित करावा, म्हणजे तो फोनवर, संगणकावर, कोठेही उघडतो. पण अनेक छापखान्यांतले डीटीपीवाले अजून श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या टंकांत काम करतात, आणि युनिकोडमधून त्या टंकात मजकूर नेताना काही जोडाक्षरे फुटतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र, ‘ॲ’ आणि ‘ऑ’, क्वचित रफार, ही ठिकाणे हमखास बिघडतात. त्यामुळे घरी तपासलेला मजकूर छापखान्यात जाऊन आल्यावर पुन्हा पहिल्यापासून वाचावा लागतो, हे वेळापत्रकात धरूनच चालावे. प्रूफ कागदावर काढून घ्यावे आणि दोघांनी मिळून तपासावे, एकाने मूळ प्रत मोठ्याने वाचावी आणि दुसऱ्याने प्रुफावर बोट ठेवून पाहावे. नावे शेवटी स्वतंत्रपणे तपासावीत, आणि प्रत्येक मुलाला आपले नाव स्वतः पाहून समोर सही करायला लावावी. नाव चुकलेली स्मरणिका त्या मुलाच्या लेखी वाया गेलेली असते.

आकार ए-फोर घेतला तर छायाचित्रे मोठी बसतात. डेमी अष्टमांश, म्हणजे साधारण साडेआठ बाय साडेपाच इंच, घेतला तर ते पुस्तकासारखे हाती राहते आणि मला तोच बरा वाटतो. पिन बाइंडिंग (मध्ये दुमडून तारेच्या पिना मारलेली बांधणी) करायचे असल्यास पानांची संख्या चारच्या पटीत असावी लागते, हे मजकूर लावण्याआधीच ठरवावे, नाहीतर शेवटची दोन पाने कोरी राहतात आणि ती भरण्यासाठी कोणाचा तरी संदेश घुसतो. साठ-चौसष्ट पानांपर्यंत पिन बाइंडिंग चालते. त्याहून जाड झाल्यास परफेक्ट बाइंडिंग, म्हणजे पाठीला गोंद लावून केलेली बांधणी, करावी. आतल्या पानांना ७० ते ८० जीएसएमचा (जीएसएम म्हणजे कागदाचे दर चौरस मीटरचे ग्रॅममधले वजन) मॅपलिथो हा छपाईचा साधा कागद, रंगीत पानांना गुळगुळीत आर्ट पेपर आणि मुखपृष्ठाला ३०० जीएसएमचे आर्ट कार्ड पुरते. रंगीत पाने सगळीकडे विखुरण्याऐवजी मध्ये एकत्र घातली की खर्च आटोक्यात राहतो. शंभर-दीडशे प्रती लागणार असतील तर डिजिटल छपाई परवडते, कारण ऑफसेटला प्लेटचा खर्च आधी करावा लागतो आणि तो जास्त प्रतींवरच फिटतो. किमान तीन ठिकाणांहून लेखी दरपत्रके घ्यावीत आणि त्यांत डीटीपी, प्रुफांच्या फेऱ्या व बाइंडिंग धरले आहे की नाही हे विचारावे.

छायाचित्रे व्हॉट्सॲपवरून नेहमीच्या रीतीने पाठवली की ती आक्रसतात आणि छापल्यावर धुरकट दिसतात. ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवावीत. जुन्या छापील फोटोंसाठी स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ, उन्हाची तिरीप न पडता, फ्लॅश बंद ठेवून त्यांचे छायाचित्र घ्यावे. ऑनलाइन तासांचे स्क्रीनशॉट फार बारीक असतात, त्यांना पारपत्राच्या फोटोएवढ्या आकारापलीकडे ताणू नये. अंधुक का होईना, त्यांतला एक तरी छापावा. त्या चौकोनांत काही मुलांच्या जागी केवळ नावाचे आद्याक्षर दिसते, आणि त्या अक्षरामागे तेव्हा कोण बसले होते हे वर्गाला अजून ओळखता येते.

छपाईला पैसे नसतील तर हस्तलिखित काढावे. त्याला उणे समजू नये. ए-फोर कागदाच्या एकाच बाजूला, डावीकडे इंचभर समास सोडून, काळ्या शाईने लिहावे. निळी शाई आणि पेन्सिल झेरॉक्समध्ये फिकी पडते. प्रत्येकाने आपले पान स्वतःच्या अक्षरात लिहायचे, चुकले तर नवा कागद घ्यायचा, आणि सगळी पाने झेरॉक्स करून स्पायरल बाइंडिंग करायचे. मूळ प्रत शाळेच्या ग्रंथालयात दाखल नोंद करून ठेवावी. छापील स्मरणिकेच्याही दोन प्रती अशाच ठेवाव्यात, आणि तिची पीडीएफ शाळेच्या संगणकावर व संपादक मंडळातल्या दोघांकडे असावी.

प्रतींची संख्या ठरवताना दहावीचा पट धरू नये, पाचवीपासूनची ती मोठी यादी धरावी आणि तिच्यात शिक्षक, शिपाई, मावशी व ग्रंथालय मिळवावे. गुणपत्रिका वाटपाच्या दिवशी एका टेबलावर दाखले आणि शेजारच्या टेबलावर स्मरणिका ठेवाव्यात, यादीवर सही घेऊन प्रत द्यावी. त्या दिवशी जे येत नाहीत आणि जे मधेच वर्ग सोडून गेले, त्यांच्या प्रतींवर पेन्सिलीने नाव आणि गाव लिहून ठेवावे व त्या गावाकडची एसटी पकडणाऱ्या मुलामुलींच्या हाती त्या द्याव्यात. पत्त्यांची गरज पडत नाही, कोणाचे घर कोठे आहे ते त्यांना ठाऊक असते.